नोंद नसेल तर न्याय नाही

(वारणानगर येथे विद्यार्थी आणि शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातली कोरडवाहू माणसे. उसाच्या या हिरव्या पट्ट्यात आमचे काय काम, असे कुणालाही वाटेल. पण तुमचे आमचे नाते पाण्याचे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. ते पाणी कृष्णेचे, आणि तुमची वारणा सांगलीजवळ कृष्णेलाच मिळते. ते उपकार आम्ही विसरलेलो नाही.

तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, याच नद्यांनी तुमचा ऊस आणि घरे पाण्याखाली घातली. त्याच साली दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे अवेळी पाऊस लागला. वेचणीला आलेला कापूस झाडावर भिजला, कणसातली ज्वारी काळी पडली.

याला निसर्गाचा कोप म्हणून हात जोडून बसायचे का? दुष्काळ आमच्या आजोबांनीही पाहिला. पण आताचे दुखणे वेगळे आहे. कोळसा आणि तेल जाळून हवा तापली. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि एकदम ओतते. दोन पावसांमधला खंडही लांबतो. जाळले जास्त कुणी? ज्या देशांनी दीडशे वर्षे कारखाने चालवले त्यांनी. आणि भरपाई कोण करते? दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी, स्वतःच्या घरातून. घरच्या घरातही तेच. चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख कापसाच्या मुलखात आणि उजेड दूरच्या शहरात. आम्ही वर्षानुवर्षे उणे सबसिडीचा हिशेब मांडत आलो. हाही तसाच हिशेब आहे, फक्त अजून मांडलेला नाही.

तो मांडायला सुरुवात कुणी केली? प्रशांत महासागरातल्या बेटांवर एक विद्यापीठ आहे. तिथे कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ साली ठरवले की, आपली बेटे बुडत असतील तर जगाच्या कोर्टात जायचे. वानुआतू नावाचा चिमुकला देश त्यांच्या पाठीशी उभा राहिला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या त्या न्यायालयाने मत दिले: हवामान राखणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे सल्ल्यादाखल मत आहे, हुकूमनामा नव्हे. उद्या कुणी आपल्या दारात पैसे आणून टाकणार नाही. पण पोरांनी वर्गात काढलेला विषय सहा वर्षांत जगाच्या न्यायाधीशांपुढे गेला, ही गोष्ट लहान नाही.

कोल्हापूरच्या मातीला हे नवे नाही. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला आणि लंडनला अर्थशास्त्र शिकले आणि १९१८ साली त्यांनी लेख लिहिला तो भारतातल्या लहान शेतीवर. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा मदत करणाऱ्यांत शाहू महाराज होते. परदेशी शिकावे ते असे.

आता मुद्द्याचे. कोर्टात पुरावा लागतो. आमचा पुरावा कुठे आहे? महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी. आमच्या शिवारात शंभर पडला आणि चार कोसांवरच्या मंडळाच्या यंत्रावर चाळीसच दिसला, तर पंचनाम्यासाठी खेटे घालत फिरायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पिकांबरोबर मातीही वाहून गेली. पिकाची नोंद होते. माती पुन्हा कसदार व्हायला किती वर्षे जातील, ते कोण लिहितो?

म्हणून मुलांनो, तुमच्याकडे तीन मागण्या. गावागावात पर्जन्यमापक बसवा आणि रोजचा पाऊस वहीत उतरवायला आमच्या पोरांना शिकवा. पीक बुडाले की त्याच आठवड्यात तारीख घालून फोटो, खर्च आणि उतारा लिहून ठेवा. आणि पुण्याला शिका नाहीतर परदेशात, आमच्या शेतावर प्रबंध लिहिलात तर तो मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवा. मालदांडी ज्वारीचे प्रसिद्ध वाण मोहोळला निवडले गेले, ते शेतकऱ्यांनी राखलेल्या बियाण्यातूनच. आम्ही नुसते नमुने नाही, या अभ्यासातले भागीदार आहोत.

आणि भावांनो, पोरांची वाट बघत बसू नका. येत्या मृगापासून वही आपणच सुरू करू. आम्हाला कीव नको, पॅकेज नको. हिशेब हवा, आणि हिशेबाला वही लागते.