दिलेले आणि सोपवलेले

नातेवाइकाने पैसे बळकावले की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात: घरची गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नका, नाहीतर थेट पोलिसांत जा. या दोहोंच्या मध्ये कायद्याने बरेच मार्ग ठेवले आहेत, आणि कुठल्याही मार्गाने गेलात तरी पहिला प्रश्न बहुधा तोच येतो: मालकाने ती रक्कम दिली होती, की नुसती सोपवली होती? नात्यातल्या फसवणुकीत माणूस हरतो तो कायदा अपुरा असल्यामुळे कमी, आणि या प्रश्नाचे उत्तर वेळीच लिहून न ठेवल्यामुळे जास्त, असे माझे म्हणणे आहे.

आधी सोपवलेल्याचे पाहू. मुलाला किंवा पुतण्याला मुखत्यारपत्र दिले म्हणून तो मालक होत नाही. १८७२च्या करार कायद्यानुसार मालक मागेल तेव्हा मुखत्याराने हिशेब द्यायचा असतो, आणि साधे मुखत्यारपत्र रद्दही करता येते. मात्र ते रद्द झाल्याचे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याशी झालेला व्यवहार टिकू शकतो. म्हणून मुखत्याराबरोबरच बँकेला आणि दुय्यम निबंधकालाही लेखी कळवावे. संयुक्त खात्याचेही तसेच. खात्यावर दुसरे नाव घातले एवढ्यावरून ती रक्कम त्याला बक्षीस दिली असे ठरत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२८ सालीच सांगितले. पण ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना असेल तर बँक दुसऱ्याच्या सहीवर पैसे देते. त्यामुळे संशय येताच ती सूचना बदलून घेणे हे पहिले काम, भांडण नंतर.

एका छपराखाली राहणाऱ्यांत फौजदारी कसली, असे कोणी म्हणेल. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे होता. एकत्र राहिल्याने पत्नीचे स्त्रीधन सामाईक होत नाही, आणि ते परत न करणाऱ्या पतीवर व सासरच्यांवर विश्वासघाताचा खटला चालू शकतो, असा निकाल लागला. हा गुन्हा आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये असून शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तरी फिर्यादीने प्रामुख्याने शिक्षा होते. पैसे हवे असतील तर दिवाणी दावा लागतो, आणि त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची. ‘आज ना उद्या देईल’ म्हणत थांबणाऱ्याची मुदतच निघून जाते.

दिलेल्याचा प्रश्न अधिक अवघड. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ सांगते, की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे. यावर आक्षेप असा, की एका मुलाच्या चिथावणीने आईवडील दुसऱ्याला घराबाहेर काढतील. भीती निराधार नाही, आणि न्यायालयांनीही ती ओळखली आहे. अट होती हे दाखवलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. सुनेचा राहत्या घरातला हक्क या कायद्याने पुसता येत नाही, हे त्याआधी २०२० मध्येच स्पष्ट केले होते. २०२५च्या जानेवारीत मात्र त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असे सांगून एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. त्या प्रकरणात सांभाळण्याचे वचन कागदावर होते, हे विसरू नये.

शेवटचा आक्षेप भावनेचा: बक्षीसपत्रात अट घालणे म्हणजे पोटच्या पोरावर अविश्वास. पण जो सांभाळणारच आहे, त्याचे त्या ओळीने काहीच बिघडत नाही. आणि ज्याला ती खुपते, त्याचे खुपणे सही करण्यापूर्वी कळलेले बरे.