हातातली विद्या आणि दहावीचा दाखला

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही मोठे वक्ते नव्हे, सूतगिरणीतले कामगार. घरच्या गरिबीपायी आठवीतनं शाळा सुटली आणि आम्ही रिंग फ्रेमच्या खात्यात शिरलो. तिथंच शिकलो. 840 यार्डांची एक लड. एका पौंडात अशा 40 लडी बसल्या की सूत 40 नंबरचं. लडी वाढल्या की सूत बारीक. हा हिशेब आम्ही तोंडी करायचो. नवीन सुपरवायझर आले की मशीन आम्हीच दाखवायचो. पण वरच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा साहेबांनी एकच विचारलं, "दहावीचा दाखला आहे काय?" तो नव्हता. आम्ही शिकवलेला पोरगा आमच्यावर साहेब झाला. दोष त्या पोराचा नव्हता, पण गोष्ट मनाला लागली.

मग 42 व्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरला. शाळेत हजेरी न लावता राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते, ती या फॉर्मवर. गणितात गुणोत्तर-प्रमाण बघितलं आणि हसूच आलं. हे तर आमचं लडींचं गणित! इंग्रजीनं मात्र घाम काढला. रात्रपाळी करून यायचं आणि लेकीपुढं पुस्तक घेऊन बसायचं. पास झालो.

दुसरीही वाट आहे. 1989 साली निघालेलं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथं वयाला वरची अट नाही. पाच विषय पाच वर्षांत एकेक करून सोडवा. सुटलेला विषय जमा राहतो. दुसऱ्या मान्य मंडळात नापास झाला असाल, तर तिथं सुटलेले दोन विषयांपर्यंत इकडं धरतात.

पण आमचं मूळ गाऱ्हाणं राहतंच. हातातल्या विद्येला गुण कुठं आहेत? 2023 साली केंद्रानं राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आणला. शाळा, कौशल्य आणि कामाचा अनुभव, तिन्हींचे श्रेयांक एका खात्यात जमा व्हावेत, असं त्यात आहे. वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 श्रेयांक. वर्षाला 300 पाळ्या धरल्या, तर गिरणीत आम्ही 2400 तास उभे राहतो. नुसते तास मोजून भागत नाही, परीक्षा झाली पाहिजे, हे आम्हालाही मान्य. मग घ्या की परीक्षा, पण मशीनपुढं घ्या!

उपाली जातीनं न्हावी. तरी राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न त्यांनाच विचारले गेले. कूळ नव्हे, काय येतं ते बघितलं. जोतीरावांनी 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. शाहू महाराजांनी 1917 साली याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्या भूमीत दाखल्यावाचून माणूस अडून राहावा काय?

म्हणून एक विनंती. विहारात दर रविवारी दोन तास द्या. शिकलेल्या पोरांनी फॉर्म भरून द्यावेत, इंग्रजी शिकवावं. धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी, गवंडी, सफाई कामगार, सगळे या. लाजू नका. तुम्ही अडाणी नाही. तुमच्या विद्येचा कागद तेवढा व्हायचा राहिलाय.

जयभीम! नमो बुद्धाय!