आधी माप, मग कात्री
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर संगणकावर, करिअरवर काहीतरी बोल." मी विचारलं, शाळेतली मुलं असणार आहेत का? ते म्हणाले, नाही, आपणच सगळे. मग मी म्हटलं, आपण सगळे पंचेचाळिशीला टेकलो आहोत, आपल्याला आता करिअरपेक्षा झोपेची काळजी जास्त. म्हणून आज मी झोपेवर बोलणार आहे. ऐकताना कोणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही. फक्त कार्यक्रम संपल्यावर त्याला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारीन.

माझे बाबा घोरायचे. आमच्या घरी पाहुणे आले की सकाळी चहाबरोबर पहिला विनोद तोच असायचा. "गुरुजी झोपले की चोर आमच्या गल्लीत यायला घाबरतात," असं शेजारचे म्हणायचे. मोठ्यानं घोरतो त्याला गाढ झोप लागते, असं आपण सगळेच समजत होतो. २००९ मध्ये बाबा झोपेतच गेले. वय छप्पन्न. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "पुण्यवान माणूस, झोपेत सुखानं गेला." त्यांना नेमकं काय झालं होतं ते सांगता येणार नाही, कारण कधी कोणी तपासलंच नाही. पण "सुखानं" हा शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही.

माझं कसं कळलं ते सांगते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते तुम्हां सर्वांना आठवतच असेल. १ फेब्रुवारी २०१९ ला, शुक्रवारी, मोठा धक्का बसला. आई तेव्हा धुंदलवाडीला मामाकडे होती. मी शनिवारी ऐरोलीहून तिला न्यायला आले. घरात झोपायची कोणाची हिंमत नव्हती. अंगणात ताडपत्री बांधून, शेकोटी पेटवून, आजूबाजूच्या चार घरांतली माणसं एका ओळीत झोपलेली. मीही त्यांच्यात आडवी झाले. सकाळी मामी माझ्याकडे बघत म्हणाली, "रात्री जमीन दोनदा हलली, तिची एवढी भीती नाही वाटली. तुझी वाटली. तू घोरतेस, घोरतेस आणि एकदम गप्प होतेस. श्वासच नाही. मग दचकून पुन्हा सुरू." आई काही बोलली नाही. ती रात्रभर माझ्या उशाशी बसून होती, हे मला नंतर कळलं.

त्याआधी दोन वर्षं मी डॉक्टरांकडे जातच होते. सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटायचे, साध्या साध्या गोष्टी विसरायची. थायरॉइड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं, लोहाच्या गोळ्या झाल्या. "बाईचं वय, घर आणि नोकरीची ओढाताण," असं मला सांगण्यात आलं, आणि मला ते पटलंही. हा आजार जाड मानेच्या, घोरणाऱ्या पुरुषांचा, असा सगळ्यांचाच समज. बायकांमध्ये तो पुष्कळदा थकवा, डोकेदुखी, नीट झोप न लागणं अशा रूपात दिसतो, आणि पाळी गेल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. माझ्या मैत्रिणींनो, हे वाक्य घरी घेऊन जा.

झोपेची तपासणी झाली. रात्रभर अंगाला तारा लावून झोपवतात. अहवालात आकडा आला चौतीस. म्हणजे तासाला सरासरी चौतीस वेळा माझा श्वास किमान दहा सेकंद थांबत होता किंवा फार अपुरा पडत होता. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर गेला की गंभीर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो. सकाळी आपल्याला काहीच आठवत नाही. आठ तास झोपूनही माणूस रात्रभर पहारा दिल्यासारखा उठतो. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप नावाचं छोटं यंत्र. त्यात औषध नसतं, ऑक्सिजनचं सिलिंडरही नसतं. खोलीतलीच हवा ते थोड्या दाबानं नाकातून आत सोडतं आणि त्या हवेनं घशाची वाट उघडी राहते. माझा दाब दहा सेंटीमीटर पाण्याइतका ठरला. आपल्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेत यू आकाराच्या नळीत फुंकर मारून रंगीत पाणी चढवून दाखवलं होतं ना, तेच माप. एवढ्याशा दाबावर माझा श्वास अडला होता. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८० मध्ये हे पहिल्यांदा करून पाहिलं आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा इलाज होता. सुरुवातीच्या रुग्णांच्या चेहऱ्याचा साचा घेऊन मास्क बनवत आणि तो रोज रात्री चेहऱ्याला चिकटवत. म्हणजे हवा कशी सोडायची हे कळलं, तरी ती चेहऱ्याशी जोडायची कशी, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचाच.

माझी गाडी तिथेच अडली. यंत्र विकणाऱ्यानं नाक-तोंड दोन्ही झाकणारा एक मोठा मास्क हातात दिला. "सगळ्यांना हाच देतो, मॅडम." मी खुर्चीत ताठ बसलेली, त्यानं पट्टे आवळले, झालं. घरी पहिल्या रात्री हवा फटीतून डोळ्यांत. पट्टे आणखी आवळले. चार दिवसांत नाकाच्या हाडावर फोड. रात्री दोनला मी तो झोपेतच ओढून फेकायची. मुलगा म्हणाला, "आई, तू पायलटसारखी दिसतेस." मला हसू आलं नाही, लाजच वाटली. तिसऱ्या आठवड्यात यंत्र कपाटात गेलं. मनाशी म्हटलं, लोकांना जमतं, मलाच जमत नाही.

पाच महिने ते कपाटात होतं. पावसाळा संपल्यावर आईला घेऊन तलासरीला येत होते. गाडी मीच चालवत होते. मनोर सोडलं, दुपारची वेळ. कानात एकदम ट्रकचा भोंगा. डोळे उघडले तर गाडी दुभाजकाला लागत आलेली. शेजारी आई. गाडी बाजूला घेऊन मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आईनं माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "एकाला मी झोपेत घालवलंय."

त्या रात्री मला आपल्या शिवणाच्या बाई आठवल्या. आठवीत झबलं शिवायचं होतं. मी हुशारी दाखवायला कापड नजरेनंच कापलं आणि ते बाहुलीलाही होईना. बाईंनी ते सगळ्या वर्गाला दाखवलं आणि म्हणाल्या, "आधी माप, मग कात्री." तेव्हा राग आला होता. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, माझ्या चेहऱ्याचं माप तोवर कोणी घेतलंच नव्हतं. चूक माझ्या चिकाटीची नव्हती, मापाची होती.

मग मी ते काम आम्ही संगणकाच्या प्रोग्राममधला दोष शोधतो तसं केलं: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद. यंत्रातल्या कार्डावर रोजचा हिशेब असतो, श्वास किती वेळा थांबला, हवा किती गळली. दुसऱ्या दुकानात गेले आणि आधीच विचारलं, "जमला नाही तर बदलून द्याल का?" हो म्हणणाऱ्याकडूनच घेतला. फक्त नाकावर बसणारा मास्क आणला. पण माझं नाक धुळीनं सदा चोंदलेलं, त्यामुळे मी तोंड उघडायची आणि सगळी हवा तोंडावाटे बाहेर. सकाळी जीभ सुकलेल्या आमसुलासारखी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नाकाचा इलाज केला, यंत्राला हवा कोमट आणि दमट करणारं भांडं जोडलं, तेव्हा तोंड मिटायला लागलं. मग नाकपुड्यांत टेकणाऱ्या दोन मऊ बोंडांचा प्रकार पाहिला. दिसायला सगळ्यात सुटसुटीत, पण माझ्या नाकपुड्या आठवड्यात सोलल्या. शेवटी पुन्हा नाकावरचाच मास्क, पण लहान मापाचा. मला तोवर मध्यम माप दिलं जात होतं.

तरी हवा गळतच होती, आणि ती डाव्या बाजूनंच. चार रात्री नोंदी पाहिल्या, पट्टे बदलले, उशी बदलली. पाचव्या दिवशी आरशासमोर उभी राहिले आणि कपाळावर हात मारला. चमकी! बारा वर्षांची असताना आजीनं नाक टोचून घातलेली चमकी मास्कच्या कडेला उचलून धरत होती. आईला विचारलं, रात्री काढून ठेवू का? ती म्हणाली, "नाक आहे म्हणून चमकी आहे." आता ती रात्री डबीत असते, सकाळी नाकात. केसांचंही तसंच. अंबाड्यावरून पट्टा घसरतो, वेणी घातली की बसतो. आणि केसांना तेल लावायचा दिवस आता रविवार सकाळ, कारण तेलकट केसांवर पट्टा टिकत नाही.

मला खरा फरक पडला तो आडवं होऊन मास्क लावल्यानं. झोपल्यावर गाल सैल पडतात, चेहऱ्याचा आकार बदलतो. म्हणून मास्क आडवं होऊन, यंत्र चालू ठेवून, कुशीवर वळून पाहायचा. पट्टे आधी सैल, मग हवा थांबेल इतकेच घट्ट. सुरुवातीला संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास जागेपणी लावून बसायचं, म्हणजे जीव घुसमटत नाही. चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग रोज साध्या साबणानं धुवायचा, नाहीतर चेहऱ्याच्या तेलानं तो निसटतो. मास्कवरची बारीक भोकं उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी असतात, ती चिकटपट्टी लावून कधीही बुजवायची नाहीत. आणि दाब आपल्या मनानं बदलायचा नाही, तो डॉक्टरांचा विषय. २०२० च्या जानेवारीत माझा चौतीसचा आकडा तीनवर आला. पहिल्या सलग सात तासांच्या झोपेनंतर सकाळी मला रडू आलं. इतकी वर्षं काय गमावलं ते त्या सकाळी कळलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले. कारण म्हणून याच आजाराचं नाव वर्तमानपत्रांत छापून आलं. मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. रात्री अकराला आपल्यातल्याच एकाचा फोन आला. त्याची परवानगी घेऊन सांगते, नाव सांगत नाही. हा महामार्गावर ट्रक चालवतो. म्हणाला, "माझं यंत्र खोक्यात आहे. मास्क मिशीवर बसत नाही, आणि मिशी मी काढणार नाही." दिवाळीत मी त्याच्या घरी गेले. त्याला खाटेवर आडवा केला, वहिनी आणि मुलं भोवती. मला ज्यानं त्रास दिला होता तो नाकपुड्यांतल्या बोंडांचा प्रकार त्याच्यासाठी वापीहून मागवला होता. मिशीच्या वर तो अलगद बसला. पावसाळ्यात दिवे जातात म्हणून त्यानं यंत्राला बॅटरीही जोडून घेतली. माझ्यासाठी जो वाया गेला, तो त्याला बरोबर आला. माझं माप माझं, त्याचं माप त्याचं.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात पेंगणारी, तोंड उघडं ठेवून झोपणारी, घोरणारी मुलं तुम्हांला आजही भेटत असतील. वाढलेल्या टॉन्सिलमुळे मुलांनाही हा त्रास होतो आणि त्यावर इलाज आहे. बाकावर उभं करण्याआधी त्याच्या आईला एकदा विचारा, रात्री कसा झोपतो?

आणि तुम्हां सगळ्यांना एवढंच. आज रात्री घरी गेल्यावर घरातल्या माणसाला विचारा, "मी झोपेत गप्प होतो का?" उत्तर हो आलं तर हसण्यावारी नेऊ नका, तपासून घ्या. ज्यांची यंत्रं कपाटात आहेत, त्यांनी ती बाहेर काढा आणि मास्क बदलून मागा. एकदा नाही जमला तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. मी डॉक्टर नाही, पण आडवं करून मास्क लावून द्यायला जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाकावर बसलेली असेन. माझा मास्क पिशवीत आणला आहे, बघायला लाजू नका.