दाबाखालील प्राणवायू आणि दुखावलेले मूत्राशय



रोग बरा झाला तरी त्यावरील उपचार कधी कधी आपली खूण शरीरात मागे ठेवून जातो. अशाच एका खुणेविषयी आज बोलावयाचे आहे.

गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर प्रारणांचे उपचार करतात. मूत्राशय या दोन्ही अवयवांना लागूनच असल्यामुळे काही प्रारणे त्याच्याही भिंतीवर पडतात. काही रुग्णांत त्या भिंतीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू बुजत जातात. प्राणवायू अपुरा पडतो, पेशी मरतात आणि भिंत ताठर बनते. कित्येक महिन्यांनी, क्वचित अनेक वर्षांनी, लघवीला वारंवार जावे लागते, वेदना होतात, रक्त पडू लागते. कर्करोगातून सुटलेल्या मनुष्याला वाटते, रोग परतला. ही शंका तपासणीने दूर केलीच पाहिजे. परंतु ती प्रत्येक वेळी खरी ठरते असे नाही.

ज्या ऊतीकडे जाणारे मार्गच बुजले, तिला प्राणवायू पोचवावा कसा? रक्तातील बहुतेक प्राणवायू हिमोग्लोबिन वाहून नेते आणि नेहमीच्या हवेतच ते जवळजवळ पूर्ण भरलेले असते. मात्र दाबाखाली सोडावॉटरमध्ये जसा वायू विरघळतो, तसा प्राणवायू रक्तद्रवातही विरघळतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला प्राणवायू सुमारे ०.३ मिलिलिटर असतो. वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिल्यास तो सुमारे ६ मिलिलिटर होतो. तो बुजलेल्या वाहिन्यांपलीकडील ऊतींपर्यंत झिरपतो, आणि अशा अनेक बैठकींनंतर तेथे नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. मूत्राशय सावरते ते या नव्या वाहिन्यांमुळे, अशी कल्पना आहे.

कल्पना सयुक्तिक असली म्हणजे ती सिद्ध झाली असे होत नाही. १९९५ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी ४० रुग्णांचा आशादायक अनुभव प्रसिद्ध केला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि असा रक्तस्राव कधी कधी आपोआपही थांबतो. पुढे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व फिनलंड येथील पाच विद्यापीठ रुग्णालयांनी २०१२ ते २०१७ या काळात रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला सुमारे २.४ वातावरणे दाबाखाली, प्रत्येकी ८० ते ९० मिनिटांच्या ३० ते ४० बैठकी मिळाल्या. २०१९ साली ७९ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणांच्या गुणांकात दाबोपचाराच्या गटात सरासरी १७.८ गुणांची सुधारणा झाली, दुसऱ्या गटात ७.७ गुणांची.

या विजयाच्याही मर्यादा आहेत. आपल्याला कोणता उपचार मिळत आहे, हे रुग्णांना ठाऊक होते. दाबोपचार घेतलेल्या ४१ जणांपैकी १७ जणांना कान, दृष्टी इत्यादींचे, बहुधा तात्पुरते, त्रास झाले. शिवाय महिना-दीड महिना रोज उपचारकक्षात बसणे प्रत्येकाला शक्य नसते. जेथे असा कक्षच नाही, तेथील रुग्णाला ही आशा दूरचीच राहते.

तरीही एक गोष्ट प्रत्येकाच्या हाती आहे. लघवीतून रक्त जाणे ही लाजेने लपवून ठेवण्याची बाब नव्हे. डॉक्टरांकडे जावे, आणि पूर्वी प्रारणोपचार झाले असतील, मग ते दहा वर्षांपूर्वीचे का असेनात, तर ते आवर्जून सांगावे. जुन्या उपचाराची ती आठवण योग्य निदानाची पहिली पायरी ठरू शकते.