पत्ता असलेला कर

(आदिलाबाद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘वि. स. पागे : व्यक्ती आणि कार्य’. व्यक्तीबद्दल मी फार बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. विठ्ठल सखाराम पागे सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यलढ्यातले, पेशानं वकील, १९६० पासून अठरा वर्षं महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक. हे तुम्हाला ठाऊक आहे. अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. बहात्तरचा दुष्काळही मी उगाळत बसत नाही. सुकडी, मिलो, खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावांची कामं... तुमच्यापैकी निम्म्यांची सोयरीक पलीकडची, महाराष्ट्रातली आहे, मामा-मावश्यांकडून ऐकलं असेलच. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, एवढा एक आकडा पुरे.

मला बोलायचंय ते पाग्यांच्या तिजोरीबद्दल.

‘मागेल त्याला काम’ ही घोषणा सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण काम देतो म्हणायला काय लागतं? कुठला पुढारी म्हणत नाही? तुमच्या आदिलाबादेत तर दर निवडणुकीला बंद पडलेला सिमेंट कारखाना सुरू होतो आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी बंद पडतो. (हशा) मला इथल्या मित्रांनी सांगितलं, सीसीआय म्हटलं की इथं आधी विचारावं लागतं, कुठली, कापसाची की सिमेंटची? एक कापूस घेते, दुसरी बंद आहे. पण मतं मात्र बंद असलेलीलाच जास्त पडतात! (हशा, टाळ्या)

सांगायचा मुद्दा असा की पागे आश्वासनावर थांबले नाहीत. १९६५ साली तासगाव तालुक्यात त्यांनी आधी प्रयोग करून पाहिला. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्यांनी पत्नीला, प्रभाताईंना, विचारलं म्हणे, की काही शे रुपये हाती दिले तर आपल्या शेतात किती मजुरांना किती दिवस काम देता येईल? आणि बाईंनी दिलेल्या उत्तरावरून त्यांनी साऱ्या राज्याचा हिशेब मांडला. गोष्ट शब्दशः अशीच घडली असेल-नसेल, पण हा प्रश्न सभापतीच्या खुर्चीतल्या माणसाचा नाही, घर चालवणाऱ्या माणसाचा आहे. किती माणसं, किती दिवस, आणि पैसा कुठून? या तिसऱ्या प्रश्नापाशी भले भले पळ काढतात.

पाग्यांच्या योजनेनं तो सोडवला. १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी, सगळ्यांवर. जोडीला मोटारींवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर जादा आकारणी. हे सगळं रोजगार हमीच्या स्वतंत्र निधीत जायचं, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या पदरची घालायची. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून एक रुपया कापला, की दोन रुपयांचं काम कुठंतरी माणदेशात, मराठवाड्यात, यवतमाळात निघणार. त्या रुपयाला पत्ता होता. मी ज्याला पत्ता असलेला कर म्हणतो तो हा. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत फिरतोय. माझ्या घरी यावर हसतात, आज तुम्ही हसा.

आणि हेही पाहा. योजना रुजू लागली तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक, पुसदचे. कर लागू झाला तेव्हा शंकरराव चव्हाण, नांदेडचे. १९७७ चा कायदा झाला तेव्हा वसंतदादा पाटील. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, तेव्हा शरद पवार. चार मुख्यमंत्री आले-गेले, पहिले दोन तर तुमच्या शेजारचे, पण निधी मोडला नाही. आपल्याकडं मुख्यमंत्री बदलला की योजनेचं नाव बदलतं आणि जुन्या फलकावर नवा रंग बसतो. इथं तसं झालं नाही, कारण पैशाची वाट कायद्यानं ठरली होती.

(मागच्या रांगेतून प्रश्न : मग जमीनदारांचा फायदा नाही झाला का?)

झाला ना! काका, बरं झालं तुम्ही विचारलंत, नाहीतर मी गुळगुळीत बोलून निघून गेलो असतो. कर प्रामुख्यानं मुंबईचा, आणि पाझर तलाव ज्याच्या शिवारात झाला त्याच्या विहिरीला पाणी वाढलं. मजुराला मजुरी मिळाली, पण पाणी जमीन असलेल्यालाच मिळालं. म्हणूनच तर विधिमंडळात बसलेल्या बागायतदारांनी कुरकुर न करता हात वर केले, असं माझं मत आहे. शुद्ध परोपकारातून कुठला कर लागत नाही. पण याच कायद्यानं बाईला पुरुषाइतकी मजुरी दिली, कामावर सावली, पाणी आणि लेकराला पाळणाघर सांगितलं, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकार भत्ता सांगितला. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे थट्टाच. पण हक्क कागदावर आला.

आता मूळ भाषणात नसलेली एक गोष्ट सांगतो. दुपारी गाडीनं सीमेवरचा डोल्लाऱ्याचा पूल ओलांडला, तेव्हापासून ती डोक्यात घोळतेय. नकाशा डोळ्यांपुढं आणा. १९५६ च्या आधी किनवट कुठं होतं? आदिलाबाद जिल्ह्यात. राजुरा? आदिलाबाद जिल्ह्यात. इस्लापूर तर तुमच्या बोथ तालुक्याचं सर्कल. राज्य पुनर्रचनेत हे सगळं मुंबई राज्यात गेलं. आणि उलट दिशेनं काय आलं? नांदेड जिल्ह्यातलं मुधोळ, भैंसा, कुबीर आंध्रात आलं, आज ते निर्मल जिल्ह्यात आहे. ज्यांनी रेघ मारली त्यांनी भाषेचे आकडे पाहिले असतील, तंटे ऐकले असतील, ठीक आहे. पण त्या रेघेचा असाही एक अर्थ आहे, जो तेव्हा कुणालाच दिसला नसेल, कारण पागे योजना जन्मायची होती.

किनवटच्या शिवारातली बाई १९७९ पासून तहसीलदाराला म्हणू शकत होती, मला काम द्या, हा माझा हक्क आहे. बोथच्या शिवारातली तिची सख्खी बहीण म्हणू शकत नव्हती. तीच काळी जमीन, तोच कापूस, तोच उन्हाळा, नागोबाची तीच जत्रा. बहिणी एकमेकींकडं पायी जाऊ शकतात एवढं अंतर, पण कामाचा हक्क एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. किती वर्षं? राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा २००५ चा. २ फेब्रुवारी २००६ ला अनंतपूर जिल्ह्यातल्या बंडलापल्लीत त्याची सुरुवात झाली आणि पहिल्या २०० जिल्ह्यांत आदिलाबाद होतं. म्हणजे १९७९ ते २००६, सत्तावीस वर्षं. एवढ्यात एका पिढीचं कमवायचं वय निघून जातं.

या भागातल्या मराठी माणसाला सीमाप्रश्न म्हटलं की शाळा आठवते, पाटी आठवते, भाषा आठवते. मलाही आठवते. पण हक्काच्या मजुरीतला हा सत्तावीस वर्षांचा फरक आपल्या एकाही ठरावात मी वाचलेला नाही. (शांतता) आणि आता दुसरं टोक ऐका. राजुऱ्यातूनच पुढं जो जिवती तालुका झाला, तिथल्या परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर वगैरे चौदा गावांवर दोन्ही राज्यांचा दावा. तिथं दोन शाळा, एक मराठी, एक तेलुगू. दोन रेशनकार्डं, दोन राज्यांची मतदार ओळखपत्रं. कुणी त्यांना हसतं, दोन्हीकडून खातात म्हणून. मी म्हणतो, सत्तावीस वर्षं ज्यांना एकीकडूनही मिळालं नाही त्यांचा हिशेब आधी करा, मग या चौदा गावांना हसा.

(चिठ्ठी येते.) संयोजक म्हणताहेत पंधरा मिनिटं. मी तर अजून प्रस्तावनेत आहे! (हशा)

बरं, आता तुमच्या मनातला प्रश्न, जो चहाच्या वेळी तिघांनी विचारला. ‘ते करुवु पनी आल्यापासून कापूस वेचायला माणूस मिळत नाही हो.’ करुवु पनी म्हणजे हेच रोजगार हमीचं काम. मिळत नसेल. पण वेचणी कधी? दिवाळीनंतर, माघापर्यंत. आणि रोजगार हमीची गर्दी कधी? एप्रिल-मेमध्ये, पंचेचाळीस अंशांत, फुफाट्यात खड्डे खणायला. ऊन एवढं की मोजमापात उन्हाळी सवलत द्यावी लागली. वेचणीच्या दिवसांत तिथं कितीजण असतात, ते आपल्याच पंचायतीत जाऊन पाहा. वेचणीला माणूस मिळत नाही तो बहुधा दर किलोमागचा भाव न पटल्यानं. (मागून कुजबुज) रागावू नका. मीही शेतकऱ्याचा मुलगा आहे, मलाही हे घरी ऐकावं लागतं.

हजेरीपटावर मेलेली माणसं होती, हेही खरं. ती शोधून काढायची रीत, गावसभेत हजेरीपट मोठ्यानं वाचायची, सामाजिक लेखापरीक्षणाची, देशात सर्वांत नेटानं राबवली ती तेव्हाच्या आंध्रनं. ते श्रेय तुमचं आहे, आम्ही महाराष्ट्रवाले त्यात मागं पडलो.

आता तिजोरीकडं येतो. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरी सगळी केंद्राची होती, सामानाच्या खर्चात चौथा हिस्सा राज्याचा. हक्क देशभर गेला, वर्षाला शंभर दिवसांचा झाला, पण त्याच्यामागं बांधलेला स्वतंत्र कर आला नाही. अंदाजपत्रकात जेवढं टाकतील तेवढं. परिणाम तुम्ही पाहिलात. पंधरा दिवसांत मजुरी द्यायची असं कायद्यात होतं, आणि पैसे महिने-महिने अडकून पडायचे. मागणी मजुराची, पण किल्ली दिल्लीच्या खिशात.

पुढच्या रांगेतले आमचे कोषागारातून निवृत्त झालेले स्नेही मघापासून मान हलवताहेत. त्यांचं म्हणणं मला पाठ आहे, जेवणाच्या ताटावरही झालंय : बांधलेला पैसा सडतो. महाराष्ट्रातही तेच झालं ना? १९८८ साली किमान वेतन वाढलं, मजुरी महागली, सरकारनं हात आखडता घेतला. नव्वदनंतर कर जमा होत राहिला, कामं कमी निघाली. बरोबर आहे, हे मी लपवत नाही. पण साहेब, पैसा उरतोय हे लोकांना कळलं कशामुळं? स्वतंत्र निधी होता म्हणून. सगळ्यात मिसळलेला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. (हशा) वाद जेवणानंतर पुन्हा करू.

(दुसरी चिठ्ठी.) पाच मिनिटं. मग थेट मुद्द्यावर.

इथं बसलेल्यांपैकी पगारदार कोण कोण? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त. तुमच्या पगारपत्रकावर एक ओळ असते, व्यवसाय कर, २०० रुपये. आमच्याकडं अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. तुमचे २,४००. तुम्ही आमच्यापेक्षा शंभर रुपयांनी सुखी. (हशा) इथं हा कर राज्यानं आणला तो १९८७ च्या कायद्यानं, एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना. त्याला कामाच्या हमीशी जोडलं नाही, ती गोष्ट निराळी. पण अडीच हजारांचा आकडा कुठून आला? तो संविधानाच्या २७६ व्या कलमातून आला. १९५० मध्ये मर्यादा होती वर्षाला २५० रुपये. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीनं ती २,५०० झाली, आणि तिथंच राहिली.

आता हिशेब करा. महिना २५ हजार पगाराचा शिक्षक वर्षाला २,४०० भरतो. शंभर रुपयांमागं ८० पैसे. वर्षाला एक कोटी पगार घेणारा अधिकारीही २,४००च भरतो. शंभरामागं अडीच पैशांहून कमी! पाग्यांच्या निधीला ज्या कराचा आधार होता, त्याला घटनेनंच झाकण घालून ठेवलंय. कारकून झाकणाला टेकला की त्याच्या वरचे सगळे मोकळे. चौदाव्या वित्त आयोगानं ही मर्यादा १२ हजारांपर्यंत न्यावी असं सुचवलं होतं. शिफारस फायलीत राहिली. लहान पगाराला सूट वाढवावी, जशी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महिना २५ हजारांपर्यंतच्या स्त्रियांना दिली, तशी पुरुषांनाही द्यावी. आणि वरच्यांचं झाकण काढावं. आलेला पैसा कामासाठी बांधावा, त्याचा जमाखर्च दर वर्षी गावसभेत वाचावा. एवढंच माझं मागणं आहे. वीस वर्षांपूर्वीही हेच होतं, तेव्हाही चिठ्ठी आली होती. (हशा, टाळ्या)

पाग्यांनी ग्रामीण महाराष्ट्राला काम मागायला शिकवलं, हे सगळे म्हणतात. त्यांनी शहरी माणसाला, तुझ्या पगारातला हा रुपया कुठं चाललाय, हे सांगितलं, याचं मोल मला त्याहून जास्त वाटतं. पुढं ते सांगायचं कुणी सोडलं, हे आपणही विचारायचं सोडलं.

२७६ वं कलम बदलायचा अधिकार संसदेचा आहे, आणि तुमचा खासदार, तो कुठल्याही पक्षाचा असो, निवडणुकीत सिमेंट कारखान्याचं बोलायला इथंच येणार आहे. त्या वेळी त्याला दोनच प्रश्न विचारा : अडीच हजारांची मर्यादा कधी उठवणार, आणि माझे दोनशे रुपये कुठं जातात? उत्तर लेखी मागा.