मत्स्यतळ्यातील मरी



आपल्या मंडळींपैकी काही कुटुंबे शेततळ्यात मासे पाळू लागली आहेत, म्हणून आजचा विषय घेतला आहे. मासे मरू लागले की ‘पाणी बिघडले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु एकाच पाण्यातील एकच जात मरते आणि बाकीच्या खुशाल पोहत राहतात, तेव्हा विषाणूचा संशय घेणे आम्हांस रास्त वाटते.

इस्रायल देशात सायप्रिनस, तिलापिया, चंदेरा, बोय असे मासे एकाच तळ्यात वाढविण्याची रीत आहे. १९९८ साली तेथील सायप्रिनसवर एका विषाणूने घाला घातला. कल्ल्यांवर पांढरे चट्टे, खोल गेलेले डोळे, आणि लक्षणे दिसल्यावर एकदोन दिवसांत मृत्यू! दहांतील आठनऊ मासे गेले. चंदेरा, गवत्या व तिलापिया यांच्या मात्र खवल्यासही धक्का लागला नाही.

तिलापिया मुळातच काटक, त्यास काही होत नाही, असा समज सर्वत्र रूढ होता. तथापि २००९ पासून त्याच देशात तिलापियाच मरू लागला, आणि या वेळी शेजारचे सायप्रिनस व बोय सुखरूप राहिले! हा दुसराच विषाणू होता. त्याचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले, व २०१८ साली तो भारतातही आढळल्याची नोंद झाली. विषाणूस पेशीत शिरावयास तिच्यावर जुळती जागा लागते. ती एका जातीत असते, दुसरीत नसते.

सायप्रिनसच्या विषाणूचा जोर साधारणतः १८ ते २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात असतो. ३० अंशांस मासे मरावयाचे थांबतात. हे ओळखून इस्रायली मत्स्यपालकांनी बोटुकली थोडे दिवस रोगी माशांत ठेवून मग उबदार तळ्यात हलविली, व पुष्कळ बोटुकली रोगास दाद देईनाशी झाली. युक्ती चतुर खरी. पण असा वाचलेला मासा विषाणू अंगी बाळगून असतो. गोल्डफिशही स्वतः आजारी न पडता तो वाहून नेऊ शकतो. शोभेच्या कोई माशांच्या व्यापारातून हा विषाणू अनेक देशांत पोहोचला, तो असाच.

तेव्हा विकणाऱ्याने ‘मासे अगदी ठणठणीत आहेत’ असे शपथेवर सांगितले तरी नवे मासे निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावेत, आणि त्या टाकीचे जाळे व बादली तळ्याकडे नेऊ नये.