दाखल रजिस्टरापुढची पाच मिनिटे
(समर्थकांच्या मेळाव्यातील भाषण)



तुमच्यापैकी कितीजणांची जन्मतारीख १ जून आहे? बघा, किती हात वर आले! माझ्या वडिलांचीही हीच. घरच्यांना तारीख ठाऊक नव्हती, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजींनी सहा वर्षे मागे मोजली आणि लिहून टाकली. याच्यावर आपण हसतो. पण त्याच टेबलावर, त्याच पाच मिनिटांत आणखीही रकाने भरतात, आणि तिथली चूक सातपुड्यातल्या लेकरांना फार महाग पडते.

चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी माझ्याकडे आली होती. नर्सिंगला जायचे होते. शाळेच्या दाखल्यावर जातीपुढे लिहिलेले होते ‘बारेला’. हे लोक पावरा. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात त्यांचे सोयरे स्वतःला बारेला म्हणवतात आणि तिथल्या अनुसूचित जमातींच्या यादीत ते नाव आहे. महाराष्ट्राच्या यादीत भिल्लांच्या नोंदीत ‘पावरा’ आहे, ‘बारेला’ नाही. बाप बोलला ते लिहिणाऱ्याने लिहिले. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. पण जनरल रजिस्टरातली जात शाळेला आपल्या मनाने बदलता येत नाही, वरची मंजुरी लागते. त्या मुलीचे एक वर्ष गेले.

दुसरी चूक आपल्या अंगणातली आहे. पालक सांगतात, “आम्ही ख्रिस्ती,” आणि जातीच्या रकान्यातच ‘ख्रिश्चन’ पडते. धर्माचा रकाना वेगळा, जमातीचा वेगळा. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, म्हणून गोंधळ होतो. बाप्तिस्मा झाला म्हणून भिल्ल भिल्ल राहत नाही असे नाही. पाळकांनीसुद्धा हे आपल्या लोकांना सांगायला हवे.

तिसरी गोष्ट लेकराला दारातून परत पाठवण्याची. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला जाते. परत आल्यावर जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते, नाहीतर पालकाचे घोषणापत्र. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला थांबवून ठेवता येत नाही.

कारकुनाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत कारकूनच नसतो. मुख्याध्यापकच रजिस्टर लिहितात, सरलमध्ये नाव चढवतात, यू-डायस प्लस भरतात, आधार जुळत नाही म्हणून रात्री डोके धरून बसतात, आणि दिवसा शिकवतातही. त्यांना मिळणारे ऑनलाइन प्रशिक्षण म्हणजे बहुधा दोन तासांचे व्याख्यान. कॅमेरा बंद, फोन टेबलावर, आणि शेवटी प्रमाणपत्राची लिंक.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी मोबाइलवर करायचा छोटा अभ्यासक्रम बनवायला घेतला. पहिला मसुदा फसला. त्यात आधी नियम होते आणि मग प्रश्न. एका कारकून भाऊंना दाखवला तर ते म्हणाले, “मॅडम, नियम मला पाठ आहेत. समोरचा माणूस बोलतच नाही, त्याचं काय करू?”

त्या वाक्यावर आम्ही सगळे उलटे केले. आता पडद्यावर रजिस्टराचे कोरे पान येते. बापाचा आवाज येतो, कधी अहिराणीत, कधी पावरीत, आणि तोही अर्धेच सांगतो. आता काय विचारायचे ते शिकणाऱ्याने निवडायचे. सरळ लिहून टाकले की पान पुढे सरकते: तीच मुलगी, बारावी झालेली, पडताळणी समितीपुढे. “घरात कोणी शिकलेलं आहे का? काका, आजोबा? त्यांचा जुना दाखला आहे का?” असे विचारले तर दुसरी वाट उघडते. पडताळणीत जुन्या नोंदींना, विशेषतः १९५० पूर्वीच्या, मोठे वजन असते. शेवटचे बटण आहे ‘वाचून दाखवा’. लिहिलेले पालकाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही घेताच येत नाही. एवढ्या एका सवयीसाठी हा सगळा खटाटोप केला तरी मला चालेल.

एक प्रसंग सात-आठ मिनिटांचा. शिरपूरच्या डोंगरभागात रेंज मिळेलच असे नाही, म्हणून तालुक्याच्या गावी उतरवून घ्यायचा आणि पाड्यावर नेटशिवाय चालवायचा. सरकारच्या दीक्षा ॲपवरही धडे असे उतरवून ठेवता येतात. खऱ्या मुलांची नावे आणि आधार क्रमांक सरावात कुठेही घ्यायचे नाहीत, हे मात्र आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले.

चार प्रसंग तयार आहेत. तडवी कुटुंबाचा पाचवा अडला आहे, कारण यावल-रावेरकडची बोली बोलणारा आवाज मिळालेला नाही. शिवाय तुमच्यात शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. नावे कशी चुकतात हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. चहाच्या वेळी मी मागच्या दाराजवळ वही घेऊन बसणार आहे. तुमच्या हातून झालेली एखादी चूक मला सांगा. नाव लिहिणार नाही.